कोष्टकातील आकड्यांच्या जागी तारखा



यंदाच्या अहवालाची कच्ची प्रत विश्वस्त मंडळापुढे ठेवली असता एका ज्येष्ठ विश्वस्तांनी शेवटच्या पानांवर बोट ठेवून विचारले, "येथे दरवर्षी आकडे असतात. या खेपेस तारखा कशा छापल्या? मुद्रकाची चूक तर नव्हे?" चूक मुद्रकाची नाही. हा बदल आम्ही विचारपूर्वक केला आहे. मात्र जो प्रश्न त्यांना पडला तो आपल्यापैकी अनेकांना पडणार, हे ध्यानी घेऊन त्यामागील कारण सविस्तर सांगावे, अशी मंडळाची सूचना झाली. म्हणून हे टिपण. विषय रुक्ष आहे, परंतु आपण दिलेल्या देणगीचे पुढे काय होते, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे त्यांनी तो अवश्य वाचावा, ही विनंती.

प्रथम कोष्टकाविषयी. ओळींमध्ये एक बाब, स्तंभांमध्ये दुसरी बाब आणि जेथे ओळ व स्तंभ एकमेकांस छेदतात त्या घरात त्या दोहोंचा मेळ, अशा रचनेस संगणकाच्या भाषेत क्रॉसटॅब म्हणतात. एक्सेलमध्ये तिलाच पिव्हट टेबल असे नाव आहे. ओळीत पाड्यांची नावे, स्तंभांत बारा महिने आणि घरात त्या महिन्यात त्या पाड्यावर लस दिलेल्या बालकांची संख्या, असे कोष्टक आपण या अहवालात वर्षानुवर्षे पाहत आला आहात. ते दिसावयास सुबक असते, उभी-आडवी बेरीज जुळते आणि शेवटच्या घरातील मोठा आकडा वाचून आपणा सर्वांस समाधान वाटते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. बेरीज जुळली की आम्हांस शांत झोप लागते, हे कबूल केले पाहिजे. त्या झोपेतून आम्ही जागे कसे झालो, ते आता सांगतो.

सन २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत मुंबईत गोवराची साथ पसरली. गोवंडीच्या वस्त्यांपासून वार्ता सुरू झाल्या आणि पाठोपाठ भिवंडी व मालेगाव येथूनही येऊ लागल्या. पालघर-बोईसर परिसराचा मुंबई व भिवंडीशी रोजचा संबंध आहे. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या, तेव्हापासून तर तो अधिकच वाढला. त्यातच दिवाळी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे बिऱ्हाडासह वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांतील अनेक भट्ट्या भिवंडी, वसई, वाडा या बाजूंस आहेत. म्हणजे साथ जिकडे, तिकडेच आमची बालके. साहजिकच आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "गोवर-रुबेलाची मात्रा कोणत्या बालकाला मिळाली आहे, आणि केव्हा?"

आम्ही तत्परतेने कोष्टक काढून दिले. ओळीत बालके, स्तंभांत लसी आणि घरांत एक, दोन, शून्य असे आकडे. डॉक्टरांनी ते पाहिले आणि मिनिटभराने परत केले. "यात 'केव्हा' कोठे आहे?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. संगणकात प्रत्येक मात्रेची तारीख लिहिलेली होती, पण आम्ही मागितलेल्या कोष्टकाने ती मोजून टाकली होती. तारीख होती म्हणून 'एक' धरला, एवढेच त्या घरात उरले होते. अखेर मूळ नोंदवह्या काढून परिचारिका व कारकून मंडळींना दोन संध्याकाळी बसावे लागले.

त्या दोन संध्याकाळी जे हाती लागले त्यातील एक गोष्ट येथे नमूद करणे आमचे कर्तव्य समजतो. एका बालकापुढे गोवर-रुबेलाच्या घरात 'दोन' हा आकडा होता. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पहिली मात्रा वयाचे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. दोन म्हणजे पूर्ण, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात दोन्ही नोंदींवर तारीख एकच होती. पाड्यावरील सत्राच्या वहीतून ती मात्रा एकदा संगणकात चढली आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वहीतून तीच पुन्हा चढली. हिशेबशास्त्रात दुहेरी नोंद हा गुण आहे. दुबार नोंद हा मात्र तेथेही दोष आहे आणि येथे तर तो फारच महाग पडू शकला असता. कारण त्या बालकाची आई, भट्टीवर निघण्यापूर्वी, आमच्या लसीकरण कक्षात येऊन गेली होती. तिच्या हातातील कार्डावर एकच तारीख होती. आमच्या माणसाने संगणकाकडे पाहून तिला सांगितले, "ताई, दोन्ही झाले आहेत, आता काही राहिले नाही." ती निमूटपणे परत गेली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईपाशी असलेला कागद खरा होता आणि आमचा संगणक खोटा.

चूक उघडकीस आली तेव्हा ते कुटुंब गावात नव्हते. मुकादमाचा भ्रमणध्वनी लागला नाही. आशा कार्यकर्तीने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा भिवंडीकडची भट्टी एवढेच समजले. ते कुटुंब मार्च २०२३ मध्ये होळीला गावी परतले, तेव्हा त्या बालकास दुसरी मात्रा मिळाली. मधल्या चार महिन्यांत त्याला गोवर झाला नाही, हे आमचे कर्तृत्व नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आकडा नेमके काय लपवतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. १ सप्टेंबर २०२३ रोजी जन्मलेली तीन बालके आहेत, असे समजा. पेंटाव्हॅलंट लसीच्या तीन मात्रा सहा, दहा व चौदा आठवड्यांनी द्यावयाच्या, म्हणजे १३ ऑक्टोबर, १० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर २०२३ या तारखांना. पहिल्या बालकास नेमक्या याच तारखांना मात्रा मिळाल्या. दुसऱ्यास पहिल्या दोन मात्रा वेळेवर मिळाल्या, परंतु १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले आणि कुटुंब भट्टीवर गेले. तिसरी मात्रा पावसाच्या तोंडावर गावी परतल्यानंतर १४ जून २०२४ रोजी मिळाली. तिसऱ्या बालकास पहिली मात्रा १३ ऑक्टोबरला, दुसरी २७ ऑक्टोबरला आणि तिसरी २४ नोव्हेंबरला मिळाली. आकड्यांच्या कोष्टकात तिघांपुढे 'तीन' हाच आकडा. तिन्ही घरे सारखी आणि तिन्ही पूर्ण.

तारखांच्या कोष्टकात मात्र तीन निराळ्या कहाण्या दिसतात. पहिल्याचे सर्व यथास्थित. दुसरे बालक सहा महिन्यांहून अधिक काळ अपुऱ्या संरक्षणावर राहिले आणि तेही भट्टीच्या धुरळ्यात, जेथे घटसर्प-डांग्या खोकल्यासारख्या आजारांची भीती अधिक. तिसऱ्याच्या पहिल्या दोन मात्रांमध्ये चौदाच दिवसांचे अंतर आहे. किमान चार आठवडे हवेत. अशी मात्रा ग्राह्य धरावयाची की पुन्हा द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, आमचा नाही. पण हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे आमचे काम आहे, आणि 'तीन' हा आकडा तो प्रश्न पोहोचूच देत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट विनम्रतेने मान्य केली पाहिजे. आम्हांस जे २०२२ साली उमगले ते आमच्या ज्येष्ठ परिचारिकांना कितीतरी आधीपासून ठाऊक होते. लसीकरण कक्षाच्या भिंतीवर कप्प्यांची एक कापडी पिशवी टांगलेली असते. महिन्यागणिक एक कप्पा. बालकास मात्रा दिली की माता व बाल संरक्षण कार्डाची स्थळप्रत पुढील मात्रा ज्या महिन्यात देय असेल त्या महिन्याच्या कप्प्यात घालावयाची. महिना संपला आणि कप्प्यात स्थळप्रत शिल्लक राहिली की ते बालक आले नाही, हे उघड. शिकलेली व न शिकलेली, दोघेही ही पद्धत समजू शकतात. ते कार्ड तरी काय आहे? लसींच्या नावांपुढे चौकटी आखलेले एक कोष्टकच, आणि त्याच्या प्रत्येक चौकटीत तारीख लिहावयाची असते. संख्या लिहावी, असे त्या कार्डावर कोठेही म्हटलेले नाही. संगणक आला आणि आम्ही त्या पिशवीपेक्षा कमी सांगणारे कोष्टक अधिक खर्चाने काढू लागलो.

देशपातळीवरही थोड्याफार फरकाने असाच प्रवास झाला. आरोग्य केंद्रांकडून दरमहा संख्या वर जात, त्यांची बेरीज तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत जाई. २००८ मध्ये या आकड्यांसाठी संगणकीय आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली सुरू झाली. त्यानंतर २००९ मध्ये माता व बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी निराळी प्रणाली आणावी लागली, कारण बेरजेतून माणूस सापडत नाही, हे वरपर्यंत जाणवले होते. आज यू-विन या प्रणालीतही प्रत्येक मात्रेची तारीख नोंदविली जाते. नोंद सर्वत्र तारखेचीच होते. ती वाचताना मात्र आपण तिची संख्या करून टाकतो.

आता थोडे तांत्रिक. ज्यांना यात रस नसेल त्यांनी हा भाग ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र इतर धर्मादाय संस्थांचे कार्यालयीन सहकारीही हा अहवाल वाचतात. त्यांना याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

पिव्हट टेबलच्या घरात नुसती माहिती मांडता येत नाही, तिचा काही ना काही सारांश करावा लागतो. बेरीज, सरासरी, संख्या, सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान किंमत, यांपैकी एक. तारखेचा रकाना त्यात टाकला की संगणक बहुधा आपणहून 'काउंट' निवडतो आणि म्हणून सर्वत्र एक-एक दिसू लागते. तेथे 'मॅक्स' निवडावे. संगणकाच्या लेखी तारीख म्हणजे एक क्रमांकच असतो. १ जानेवारी १९०० हा एक धरून दिवस मोजत आलेला क्रमांक. त्यामुळे सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे सर्वांत अलीकडची तारीख. घरात एकच नोंद असेल तर मोठी काय अन् लहान काय, तीच तारीख समोर येते. युक्ती एवढीच आहे.

मॅक्स निवडल्यावर घरात ४५२१२ असा आकडा दिसला तर घाबरू नये. तो १३ ऑक्टोबर २०२३ आहे, घरास तारखेचे स्वरूप दिले की झाले. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने प्रारंभी मॅक्सऐवजी बेरीज निवडली होती. १३ ऑक्टोबर आणि १० नोव्हेंबर २०२३ यांची बेरीज संगणकाने निमूटपणे करून दिली, आणि बालकाला २१४७ सालच्या ऑगस्ट महिन्यात लस दिल्याचे दिसू लागले. कक्षात त्या दिवशी बराच हशा पिकला. तारखांची बेरीज होत नाही, हे संगणकाला कळत नाही. म्हणून तळाची व कडेची एकूण बेरीजही बंद करावी, किंवा तिचा अर्थ बदलून घ्यावा. मॅक्सच्या कोष्टकात ओळीच्या कडेला येणारे 'एकूण' म्हणजे त्या बालकाची अखेरची भेट होय, आणि ही माहिती फार मोलाची आहे. तो एकच स्तंभ जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने लावला की जे बालक सर्वांत अधिक काळ आमच्याकडे फिरकलेले नाही ते आपोआप सर्वांत वर येते.

दुसरी अडचण रिकाम्या नोंदींची. मात्रेची ओळ आहे पण तारीख भरावयाची राहिली, किंवा तारीख अक्षरांच्या स्वरूपात टंकली गेली, तर मॅक्स शून्य देतो, आणि शून्याला तारखेचे स्वरूप दिले की 'शून्य जानेवारी १९००' असे विलक्षण काहीतरी छापले जाते. आम्ही या शून्यांना आता उपकारक मानतो. ते दिसले की मूळ वही उघडावयाची, असा दंडक आहे. याहून घातक चूक दिवस-महिन्याच्या अदलाबदलीची. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर ०३/०४/२०२४ ही आपली ३ एप्रिल तो ४ मार्च समजतो, आणि त्याची कोणतीही खूण कोठेही उरत नाही. पंधरा, वीस, पंचवीस या तारखा अडखळतात म्हणून सापडतात, पण बाराच्या आतील तारखा मुकाट्याने चुकतात. म्हणून आमच्याकडे महिना आता अंकात लिहिला जात नाही, अक्षरांत लिहिला जातो.

तिसरी गोष्ट मघाच्या दुबार नोंदीशी निगडित आहे. एका घरात दोन नोंदी असतील तर मॅक्स त्यांतील अलीकडचीच दाखवितो आणि आधीची झाकतो. म्हणजे ज्या दोषासाठी आकड्याला बोल लावला, तो दोष तारखेतही निराळ्या वेशात शिल्लक आहेच. यावर उपाय म्हणून पहिली मात्रा व दुसरी मात्रा यांना स्वतंत्र स्तंभ दिले, आणि तपासणीपुरते संख्येचे कोष्टकही शेजारी ठेवले. त्यात एखाद्या घरात 'दोन' दिसले की नोंद पाहावयाची. एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एका घरातील सर्व तारखा स्वल्पविरामाने जोडून दाखविण्याचीही सोय आहे, परंतु छापील पानावर ते गिचमिड दिसते, म्हणून आम्ही ती वापरीत नाही.

हे सर्व सुरळीत चालावयाचे तर एक ओळ म्हणजे एकच माणूस, हे पक्के हवे. आमच्या भागात एकाच पाड्यावर एकाच नावाची व आडनावाची दोन-दोन बालके असतात. नुसत्या नावावर कोष्टक काढले तर दोन बालकांच्या तारखा एका ओळीत मिसळतात. नोंदणी क्रमांकावरच ओळ बांधावी, नाव केवळ ओळखीसाठी असावे.

बोईसर-तारापूरच्या बाजूस परिस्थिती उलट दिशेची आहे. तेथून माणसे बाहेर जात नाहीत, तेथे बाहेरून येतात. तारापूर अणुऊर्जा केंद्राची पहिली दोन एकके ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगार कुटुंबे तेथील चाळींतून राहतात. त्यांच्या बालकांच्या निम्म्या मात्रा गावी झालेल्या असतात आणि निम्म्या येथे. अशा आईला "किती झाल्या?" असे विचारले तर ती अंदाजाने बोटे दाखवते. "शेवटची केव्हा झाली?" असे विचारले तर ती छठपूजेच्या आधी, होळीच्या नंतर, असे नेमके सांगू शकते. संख्या स्मरणात राहत नाही, प्रसंग राहतो. आमच्या परिचारिका आता प्रश्न याच क्रमाने विचारतात.

त्याच वसाहतीतील कामगारांच्या आरोग्य तपासणीलाही हेच लागू पडते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी नवी कलमे आली, त्यांनी घातक पदार्थ हाताळणाऱ्या कामगारांच्या तपासण्यांमधील अंतर बारा महिन्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले. बंधन अंतराचे होते, संख्येचे नव्हते. वर्षभरात अमुक इतक्या तपासण्या केल्या, असे आम्ही अभिमानाने छापीत आलो, पण एखाद्या कामगाराच्या दोन तपासण्यांमध्ये किती काळ गेला, हे त्यातून कसे कळावे? आता कामगार ओळीत, तपासण्या स्तंभात आणि घरात शेवटच्या तपासणीची तारीख, असे कोष्टक काढतो.

कुत्रा चावल्यानंतरच्या लसीबद्दल अधिक विस्तार करीत नाही. त्वचेत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत शून्य, तीन, सात व अठ्ठावीस हे दिवस ठरलेले आहेत. तेथे तारीख हाच उपचार आहे.

रुग्णालयाच्या इमारतीसंबंधीही दोन शब्द सांगणे भाग आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला आपल्याच जिल्ह्यात विरार येथे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास. त्या दिवसांत आम्हां प्रशासकांपैकी कोणासही स्वस्थ झोप लागली नसेल. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावयाचे असते. पूर्वी आम्ही 'अग्निसुरक्षा तपासणी : दोन' असे छापीत असू. दोन तपासण्या एकाच आठवड्यात उरकल्या तरी दोनच होतात. यंदाच्या अहवालात प्रत्येक मजल्यापुढे, प्रत्येक यंत्रणेखाली, तपासणीची तारीख दिली आहे. प्राणवायूची वाहिनी, जनित्र, उद्वाहन, शस्त्रक्रियागृहातील यंत्रे यांच्या देखभालीचेही तसेच केले आहे. ज्या देणगीदारांनी ही यंत्रे दिली त्यांनी आपल्या यंत्रापुढील तारीख अवश्य पाहावी आणि ती जुनी वाटल्यास आम्हांस विचारावे.

वाणिज्य शाखेच्या वाचकांस हे सर्व नवे वाटणार नाही. येणे रकमेची एकूण बेरीज कितीही असो, त्यातील सर्वांत जुने बिल कोणत्या तारखेचे आहे, हे पाहिल्याविना कोणताही लेखापरीक्षक पुढे जात नाही. महिन्यापूर्वीचे येणे आणि तीन वर्षांपूर्वीचे येणे एकाच रकमेचे असले तरी एकाच मोलाचे नसते. इतकी वर्षे हा नियम आम्ही पैशाला लावला आणि माणसांना लावावयाचे राहून गेले, याची खंत वाटते.

तरीही संख्या निरुपयोगी आहे, असा ग्रह कृपया करून घेऊ नये. किती कुप्या मागवावयाच्या, शीतपेटीत किती जागा लागेल, सत्रास किती माणसे पाठवावयाची, हे संख्येवाचून ठरत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात. तो हिशेबही संख्येनेच द्यावा लागतो आणि तो या अहवालात पूर्वीप्रमाणेच दिला आहे. फक्त कोणता प्रश्न विचारला आहे, ते पाहून उत्तर मांडावे, इतकेच म्हणणे आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. बालकनिहाय तारखांची कोष्टके लसीकरण कक्षातच राहतात, ती येथे छापलेली नाहीत व कोणासही दिली जात नाहीत. आकड्यात माणूस झाकला जातो तसा तो सुरक्षितही राहतो. तारीख आली की तो ओळखू येऊ लागतो. एखाद्या पाड्यावर अमुक दिवशी एकाच बालकास लस दिली असेल तर नाव न छापताही ते कोणाचे, हे गावाला कळते. म्हणून आपल्या हाती दिलेल्या पानांवर ओळीत फक्त पाड्यांची नावे आहेत, स्तंभांत महिने आहेत आणि घरात त्या पाड्यावर लसीकरण सत्र प्रत्यक्ष ज्या दिवशी झाले ती तारीख आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती की, कार्डावरील चौकटीत परिचारिकेने तारीख लिहिल्याशिवाय कक्ष सोडू नये. नुसती बरोबरची खूण केली असेल तर तारीख मागून घ्यावी, कोणीही रागावणार नाही. कार्डाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत काढून ठेवावे. भट्टीवर अथवा परगावी जावयाचे असल्यास कार्ड सोबत न्यावे, कोणत्याही सरकारी केंद्रात त्यावरून पुढील मात्रा मिळते. आणि वेळ टळून गेली म्हणून संकोचाने घरी बसू नये. झालेल्या मात्रा वाया जात नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या तेवढ्या द्यावयाच्या असतात. मात्र काही लसींना वयाची मर्यादा आहे, म्हणून लवकर यावे. आमच्या संगणकात आणि आपल्या कार्डात फरक आढळला तर आपले कार्ड पुढे करावे. आता आम्ही आधी कार्ड पाहतो.

शेवटी, कोष्टकातील रिकाम्या घरांविषयी. जुलै व ऑगस्टच्या स्तंभांत काही पाड्यांपुढे तारीख नाही. मुद्रकाने ती गाळलेली नाही. ओढ्यांना पाणी आल्याने आमचे वाहन पलीकडे जाऊ शकले नाही आणि त्या महिन्यांत तेथे सत्र झालेच नाही. आकड्यांच्या जुन्या कोष्टकात या महिन्यांचे शून्य वर्षाच्या बेरजेत विरघळून जात असे व ते कोणाच्या ध्यानी येत नसे. पुढील पावसाळ्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्या पाड्यांवर एक जादा सत्र घेण्याचे आणि ओढ्याअलीकडील शाळेत पर्यायी जागा ठरविण्याचे विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे. त्याची तारीख पुढील अहवालात याच घरांत छापली जाईल.